एकतर्फी तबकडी, लेबलवर नाव नाही : गाणारी व्यक्ती कोण हे कसं ठरवायचं?

सदाशिवपेठी श्रोता

नमस्कार मंडळी. दहा इंची एक तबकडी हाती आली आहे, तिच्यावर कोण गातंय ते शोधायचं आहे.

गाणं एकाच बाजूला आहे. मागची बाजू गुळगुळीत, मधोमध पंखवाल्या देवदूताचा ठसा. काळ्या लेबलवर सोनेरी अक्षरांत 'ग्रामोफोन कॉन्सर्ट रेकॉर्ड' आणि खाली 'रिप्रोड्यूस्ड इन हॅनोव्हर' वाचता येतं. 'मराठी' आणि 'सौभद्र' हे शब्द शाबूत आहेत, पण गायकाच्या नावाची ओळ खरवडून गेलेली. कॅटलॉग नंबरात १३ स्वच्छ दिसतं, पुढचे आकडे अर्धवट. लेबल आणि खाच यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत आणखी एक नंबर कोरलाय, त्याच्या शेवटी इंग्रजी छोटा ई.

साथीला पेटी आणि तबला. आवाज इतका बारीक की बाई की पुरुष तेच कळेना. अगदी शेवटी कोणीतरी दोनेक सेकंद काहीतरी बोलतं. ज्यांच्याकडून तबकडी आली त्यांच्या घरी 'ही हिराबाई बडोदेकरांची' असं सांगतात. जुन्या बाजारातल्या एका जाणकाराचं म्हणणं, 'हे तर भाऊराव कोल्हटकर'.

माझ्याकडे ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) सोय असलेला साधा यूएसबी टर्नटेबल आहे, सुई त्याच्याबरोबर आलेलीच. संगणकावर ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची प्रणाली. सुरुवात कुठून करू? आणि शेवटी नोंदीत कितपत ठामपणे नाव लिहिता येईल?

---

डेडवॅक्स

आधी दोन्ही नावं खोडून टाका. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला पहिलं ध्वनिमुद्रण करायला आले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. हिराबाईंचा जन्म १९०५चा. तुमची तबकडी एकतर्फी आणि जर्मनीत हॅनोव्हरला दाबलेली. कंपनीचा कलकत्त्याचा कारखाना १९०८ साली सुरू झाला आणि त्याच सुमारास आपल्याकडच्या तबकड्या दुतर्फी होऊ लागल्या. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी हिराबाई फार तर दोन-तीन वर्षांच्या असणार. नावं सुचली की पहिल्यांदा जन्म-मृत्यूची सालं लावून बघायची. निम्मी नावं तिथेच गळतात.

आता नंबर. तबकडीवर दोन वेगळे नंबर असतात आणि त्यांची कामंही वेगळी.

कॅटलॉग नंबर विक्रीसाठी. त्या काळी कंपनीने प्रकारानुसार आकड्यांचे गट पाडले होते. पौर्वात्य भाषांसाठी १२ हजारांचा गट पुरुष गायकांचा, १३ हजारांचा स्त्रियांचा, १४ हजारांचा द्वंद्व आणि समूहगायनाचा. गट भरला की पुढे २, ३, ८ असा आकडा लावून आडवी रेघ मारायची आणि तोच गट पुन्हा सुरू करायचा. तेव्हा आडव्या रेघेआधीचा आकडा बाजूला ठेवून वाचा. तुमचं १३ जर रेघेनंतर लगेच येत असेल, किंवा रेघच नसेल, तर कंपनीच्या दप्तरी ही स्त्री-आवाजाची तबकडी आहे. पण हे वर्गीकरण यादी लिहिणाऱ्या कारकुनाचं, म्हणून पुरावा जोरदार धरा, अंतिम नाही.

पट्टीतला कोरलेला नंबर म्हणजे मॅट्रिक्स नंबर. तो मेणाच्या मूळ ठशाचा क्रमांक, आणि आपल्या कामाला हाच जास्त उपयोगी. शेवटचं अक्षर ध्वनिमुद्रण कोणी केलं आणि तबकडीचा आकार कोणता, हे सांगतं. छोटा ई ही फ्रेडचे भाऊ विल्यम गैसबर्ग यांची दहा इंची मालिका. ते १९०६-०७ मध्ये जॉर्ज डिलनट यांच्याबरोबर हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करत होते. एकतर्फी तबकडी, हॅनोव्हर आणि ई, तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात.

नंबर पूर्ण वाचण्यासाठी खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च तबकडीच्या पातळीला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश पाडा आणि तबकडी हळूहळू फिरवत पाच-सहा फोटो घ्या. तरीही नाही लागलं तर ट्रेसिंग पेपर ठेवून ४बी पेन्सिल हलकी फिरवा. खडू किंवा टाल्कम पावडर अजिबात नको, ती खाचांत जाऊन बसते. लेबलच्या कागदाखालीही काही वेळा कोरलेली अक्षरं असतात, आडव्या प्रकाशात त्यांचा उठाव दिसतो. कधी कधी तिथे गायकाचं नाव किंवा आद्याक्षरंही सापडतात.

मात्र प्रत्येक अक्षराला आद्याक्षर समजू नका. नंतरच्या एचएमव्ही तबकड्यांवर लेबलजवळ जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी यांपैकी एक-दोन अक्षरं दिसतात. ते साच्याचे क्रमांक आहेत : जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं पुढे. 'पी' दिसलं की 'प्यारासाहेब' (त्या काळचे एक गायक) लिहून मोकळे होणारे महाभाग आहेत.

एक छोटी तपासणी राहिली. लेबल मूळचंच आहे ना? तबकडी दाबतानाच लेबल शेलॅकमध्ये (लाखेच्या मिश्रणात) बसतं, त्यामुळे त्याची कड नखाला लागत नाही. कड उचललेली असेल किंवा डिंकाचा डाग असेल तर लेबल दुसऱ्या तबकडीचं समजा आणि फक्त कोरलेल्या नंबरावर विश्वास ठेवा.

---

तीन मिलची सुई

नंबर वाचून होईपर्यंत ती तबकडी वाजवू नका, निदान त्या सुईने तरी. यूएसबी टर्नटेबलबरोबर येते ती एलपीची सुई, टोक साधारण ०.७ मिल (१ मिल म्हणजे ०.०२५४ मिलीमीटर). शेलॅकची खाच त्याच्या कितीतरी पट रुंद असते. बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन घसटते आणि तळाची घाण तेवढी ऐकवते, गाणं बाजूच्या भिंतींवर राहतं. ७८साठी ३ मिलची सुई हवी. या काळच्या तबकड्यांना २.५ पासून ३.५ पर्यंतच्या दोन-तीन सुया लावून बघाव्यात. पूर्वी पोलादी पिनेने भिंतीचा जो भाग झिजवला असेल, त्याच्या वर किंवा खाली बसणारी सुई मिळाली तर आवाज चकित करण्याइतका सुधारतो. सुईवरचं वजन ३ ते ५ ग्रॅम. हौसेने चावीच्या ग्रामोफोनवर लावण्याचा मोह आवरा, तिथे शंभर ग्रॅमच्या वर भार पडतो.

धुताना अल्कोहोल किंवा स्पिरिट असलेलं काहीही वापरू नका, शेलॅक त्यात विरघळतं. डिस्टिल्ड वॉटर, लिटरभराला सौम्य द्रव साबणाचे तीन-चार थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचेच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवायचं. दुसऱ्या साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढून लगेच टिपायचं, भिजत घालायचं नाही. इतर वाचकांसाठी : निकोल कंपनीची तबकडी हाती आली तर तिला पाणीच लावू नका. ती पुठ्ठ्यावर सेल्युलॉइडचा थर देऊन बनवलेली असते, पुठ्ठा फुगला की संपलं.

उतरवून घेताना :

स्टिरिओतच घ्या. डावा आणि उजवा चॅनल म्हणजे खाचेच्या दोन भिंती. बहुतेक वेळा एक भिंत कमी झिजलेली असते. दोन्ही ऐकून बघा, मग बेरीज करा किंवा एकच ठेवा.

टर्नटेबलमधला फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) एलपीसाठी आरआयएए वक्र लावतो : खालचे सूर फुगवतो, वरचे दाबतो. मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाला असला कुठलाही वक्र नव्हता. प्रीअँप बंद करता येत असेल तर बंद करा, नाहीतर ऑडॅसिटीत उलटा वक्र लावा.

खरखर काढू नका. नॉइज रिडक्शन लावलेल्या फाइलवर ओळख पटवायला बसलात तर व्यंजनं आधी जातात आणि नेमकी तीच हवी असतात. सुंदर प्रत शेवटी करा.

पाथे कंपनीची जुनी तबकडी असेल तर खाच उभी कापलेली असते आणि कधी कधी गाणं आतून बाहेर जातं. तिथे बेरीज केली की आवाज गायब होतो, दोन चॅनलची वजाबाकी करावी लागते.

---

काळी चार

'बारीक आवाज' या तक्रारीचं निम्मं कारण वेग असतो. '७८' हा आकडा पुढे रूढ झाला. या काळातल्या तबकड्या मिनिटाला ७० ते ८२ फेऱ्यांमध्ये कुठेही सापडतात. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेलं गाणं ७८वर लावलं तर जवळजवळ एक पूर्ण पट्टी (पेटीची लगतची एक चावी) चढतं, ७०चं लावलं तर दोन पट्ट्यांना थोडं कमी. काळी दोनमध्ये गाणारा पुरुष पांढरी चारच्या उंबरठ्यावर पोचतो आणि आवाजाचा पोतही उंदरासारखा होतो. वेग ठरवल्याशिवाय स्त्री-पुरुष वाद घालणं फुकट आहे.

यात पेटी कामाला येते, कारण तिचे सूर ठरलेले असतात. अशी रीत :

१. स्ट्रोबोस्कोप चकती लावून तुमचा टर्नटेबल खरंच ७८ फिरतो का ते बघा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची चकती ७७.९२ फेऱ्यांना स्थिर दिसते. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत, कारण ते लुकलुकत नाहीत. जुना पिवळा बल्ब किंवा टेस्टरमधला निऑन वापरा.

२. पेटीचा एखादा लांब धरलेला सूर सोनिक व्हिज्युअलायझर किंवा प्रात या संगणक प्रणालीत मोजा. गायकाचा सूर मोजू नका, तो हलतो.

३. ४४० हर्ट्झच्या मापाने तो सूर कुठल्या पट्टीपासून किती सेंट (एका पट्टीचा शंभरावा भाग) दूर पडतो ते लिहा. ७८च्या आसपास एक फेरा म्हणजे २२ सेंट.

४. सूर जवळच्या पट्टीवर आणणारा वेग काढा. पण उत्तर एकच येणार नाही. एका पट्टीच्या फरकाने, म्हणजे सुमारे साडेचार-साडेचार फेऱ्यांच्या अंतरावर, अनेक उत्तरं येतील आणि प्रत्येकावर पेटी सुरात वाटेल. लोक इथेच फसतात : पहिलं जुळलेलं उत्तर घेतात.

५. त्यातून निवड करायला शेवटचं बोलणं ऐका. गाण्यापेक्षा बोलण्यात चुकीचा वेग लगेच कळतो. मग तबला. चाट आणि धूम यांचा कस, आणि बायाचा (डग्ग्याचा) घुमारा अती चढलेला वाटतो का.

पेट्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. तेव्हा बरेच सूर (पेटीतल्या धातूच्या जिभल्या) पॅरिसहून येत, आणि फ्रान्सचं प्रमाण ४३५ हर्ट्झ होतं. ४४०पेक्षा ते २० सेंट खाली, म्हणजे वेगात एका फेऱ्याहूनही कमी फरक. इंग्लंडचं जुनं उंच माप मात्र ४५२च्या आसपास, तिथे फरक ४७ सेंटवर जातो. म्हणून वेग दशांशापर्यंत लिहून अचूकतेचा आव आणू नये.

ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड' वापरा, 'चेंज पिच' नव्हे. दुसऱ्याने सूर उतरतो पण लय तीच राहते, सगळं बिघडतं. ७८वर घेतलेली फाइल ७४ करायची तर उणे ५.१ टक्के, ७२ करायची तर उणे ७.७.

---

पहिली घंटा

नाटकाच्या बाजूने बघू. 'सौभद्र' १८८२चं, त्यामुळे पदावरून काळ ठरत नाही. तेच 'मानापमान' असतं तर तबकडी १९११च्या आधीची नाही, 'स्वयंवर' असतं तर १९१६च्या आधीची नाही, असं ठामपणे म्हणता आलं असतं. ही कसोटी फार सोपी आहे आणि फार कमी लोक लावतात.

पद कुणाच्या तोंडचं आहे यावरून गायक ठरवू नका. किर्लोस्करांच्या परंपरेत सुभद्राही पुरुषच करत. सुभद्रेचं पद आणि उंच आवाज म्हणून बाई, असं होत नाही. उलट बैठकीत गाणाऱ्या बायका नाटकाची पदं सर्रास गात आणि ध्वनिमुद्रित करत. त्यात अर्जुनाची पदंही आली आणि नारदाचीही. डेडवॅक्स म्हणतात तो १३चा गट खरा असेल तर रंगभूमीवरच्या नटांच्या यादीत शोधण्यापेक्षा बैठकीच्या गायिकांच्या यादीत शोधा.

गायकीचा ढंग, 'अमक्यासारखी तान', हा पुरावा मी शेवटच्या नंबरावर ठेवतो. नाट्यपदांत नक्कल ही मोठी परंपरा आहे. बालगंधर्वांच्या नंतर तर निम्मा महाराष्ट्र त्यांच्यासारखाच गात होता. उच्चार थोडे जास्त कामाचे : ण आणि ळ कसे येतात, च-ज दंततालव्य आहेत की नाहीत, शब्दाच्या शेवटचा अनुनासिक. त्यावरून मराठी मुलखातलं माणूस की कारवार-गोव्याकडचं की हिंदुस्थानी गायिका मराठी पाठ करून गातेय, इतपत अंदाज येतो. नाव येत नाही.

पुण्यातच असाल तर केसरीवाड्यात 'केसरी'च्या जुन्या फायली आणि पुणे मराठी ग्रंथालयातली जुनी मासिकं बघण्यासारखी आहेत. नाटक कंपन्यांच्या जाहिरातींतून कोण कोणत्या महिन्यात कुठे मुक्कामाला होतं ते कळतं. ध्वनिमुद्रणाच्या तारखांना माणूस त्या गावात नव्हतंच असं निघालं तर नाव बाद.

---

तीन मिलची सुई

शेवटच्या बोलण्याबद्दल लिहायचं राहिलं. ते फालतू नाही, तीच तुमची लेबलची हरवलेली ओळ असू शकते. मेणाचे ठसे जर्मनीला जायचे. तिथल्या कारागिरांना भाषा कळत नव्हती. कुठला ठसा कोणाचा हे कळावं म्हणून गायक गाण्याच्या शेवटी नाव पुकारत. गोहरजानचं इंग्रजीतलं 'माय नेम इज गोहरजान' त्यातूनच आलेलं.

पण ऐकायचं कसं? तेवढा तुकडा कापून वेगळा करा. ३०० ते ३००० हर्ट्झच्या बाहेरचं उडवा. काळी चार यांनी सांगितलेल्या प्रत्येक संभाव्य वेगावर एक अशा प्रती करा आणि प्रत्येक प्रत सलग दहा वेळा जोडा. पाच-सहा जणांना वेगवेगळं ऐकवा आणि काय ऐकू आलं ते कागदावर लिहायला सांगा. कोणाचा संशय आहे ते आधी सांगू नका. एकदा 'हिराबाई' म्हटलं की सगळ्यांना हिराबाईच ऐकू येतं.

कर्ण्याच्या ध्वनिमुद्रणात स, श, फ, ह यांतला फरक जवळजवळ पुसला जातो, कारण त्या घर्षणाचे वरचे सूर मेणापर्यंत पोचतच नाहीत. प-ब, त-द यांतही गोंधळ. स्वर मात्र टिकतात. म्हणून आधी फक्त स्वर आणि अक्षरांची संख्या लिहा. 'आ-आ-आ-ई' आलं तर ताराबाई, बाळाबाई, राधाबाई चालतील. हिराबाई नाही, तिथे पहिला स्वर ई आहे. मग हा सांगाडा यादीतल्या नावांशी ताडा.

दोन धोके. नाव पुकारणारा आवाज गायकाचाच असेल असं नाही, पेटीवालाही पुकारतो. त्यामुळे पुरुषी आवाजात बाईचं नाव आलं तर दचकू नका. आणि गाण्याच्या मध्ये साथीदार 'वाहवा' करताना नाव घेतात. पूर्ण तबकडी कान देऊन ऐका, शेवटच्याच दोन सेकंदांवर अडकू नका. शेवटचा भाग लेबलजवळ असतो, तिथे विकृती सगळ्यात जास्त. तिथे दुसरी सुई वापरून वेगळं मुद्रण घ्यावं लागलं तरी घ्या.

---

कॉमिनो

थोडं विषयांतर. नाव नसणं प्रत्येक वेळी निष्काळजीपणा नव्हता. घरंदाज म्हणवणारे लोक नावापुढे 'अमॅच्युअर' छापून घेत, म्हणजे पैशासाठी गाणाऱ्यांत आपली गणना नको. सिनेमाच्या तबकड्यांवर तर बराच काळ पात्राचंच नाव छापत. १९४९च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्यावर गायिका म्हणून 'कामिनी' होतं, मधुबालाच्या पात्राचं नाव. तेव्हा लेबलवर नाव आहे म्हणून गायक कळला असंही नाही.

---

सदाशिवपेठी श्रोता

मंडळी, आभार. ३ मिलची सुई मागवली, तबकडी धुतली. आतापर्यंत हाती लागलेलं :

लेबलची कड अजिबात उचललेली नाही. कॅटलॉग नंबरात १३च्या आधी आडवी रेघ आहे, तिच्या आधी एक आकडा. मॅट्रिक्स नंबर पेन्सिलीने उठला, पण शेवटचा आकडा ३ की ८ ते ठरत नाही.

टर्नटेबल ७८ला बरोबर आहे. पेटी षड्ज धरून आहे, तो काळी पाचच्या वर साधारण ४० सेंट येतो. बोलणं चार जणांना ऐकवलं. तिघांनी शेवटी 'बाई' लिहिलं, चौथ्याने 'भाई'. आधीच्या दोन अक्षरांत दोन्ही स्वर आ, यावर सगळ्यांचं एकमत.

---

काळी चार

४० सेंट वर, म्हणजे उत्तरं अशी : ७६.२ फेरे (षड्ज काळी पाच), ७१.९ (पांढरी सहा), ६७.९ (काळी चार). पेटी ४३५ची असेल तर प्रत्येकातून आणखी ०.८-०.९ वजा. वरच्या बाजूला ८०.८ (पांढरी सात), पण आधीच आवाज बारीक वाटतोय तर तो मागे ठेवा.

ऑडॅसिटीत उणे २.३, उणे ७.८ आणि उणे १२.९ टक्के अशा तीन प्रती करून बोलणं ऐका. ६७.९वर बोलणं झोपाळू वाटलं तर तो बाद. काळी पाच किंवा पांढरी सहा ही दोन्ही गायिकेच्या आवाक्यातली आहेत, त्यामुळे षड्जावरून त्यांच्यात निवड होणार नाही. ती शेजारच्या नंबरांच्या मुद्रणांवरून होईल, ते डेडवॅक्स सांगतील.

---

डेडवॅक्स

छान काम केलंत. ३ की ८ ही अडचण वाटते त्यापेक्षा लहान आहे. दोन्ही नंबर यादीत काढा.

ग्रामोफोन कंपनीच्या या काळातल्या हिंदुस्थानी तबकड्यांच्या सविस्तर सूची मायकेल किनीयर यांनी केल्या आहेत, आणि कंपनीच्या मॅट्रिक्स मालिकांची प्रचंड मोठी नोंद ॲलन केली यांची. कंपनीची मूळ दप्तरं इंग्लंडमध्ये हेजच्या ईएमआय आर्काइव्ह ट्रस्टकडे आहेत. आपल्याकडे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंकही चाळा, मराठी गायिकांवर त्यांत बरंच आहे.

नंबर सापडला आणि समोर नाव असलं तर उत्तमच. तुमचा नंबर नेमका गाळलेला असेल तर शेजारी बघा. एका बैठकीत एकाच गायकाच्या बऱ्याच बाजू लागोपाठ मुद्रित होत, नंबर सलग पडत. तुमच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन बाजू एकाच बाईच्या असतील, मराठी असतील आणि मधलीच रिकामी असेल, तर ती बाई तुमची. ती दोन गायकांच्या सीमेवर पडत असेल तर हा पुरावा लंगडा. आणि लक्षात ठेवा, मालिका ध्वनिमुद्रकाबरोबर फिरते, देशाबरोबर नाही. शिवाय सात, दहा आणि बारा इंचाच्या मालिका वेगळ्या. ई असलेल्या नंबराचा शेजारी ई असलेलाच.

मग त्या शेजारच्या बाजूंपैकी एखादीचं मुद्रण मिळवा. संग्राहकांकडे किंवा इंटरनेटवर मिळेल. इंटरनेटवरचं असेल तर लेबलचा फोटो आणि नंबर दिसत असेल तरच घ्या, नुसतं वर लिहिलेलं नाव धरू नका. दोन्ही मुद्रणं एकाच वेगाने लावा आणि गाण्याआधी साथ जुळवा : पेटीचा षड्ज तोच का, पेटीचा एखादा बेसूर स्वर दोन्हीकडे तसाच बेसूर का, तबल्याचा कस तोच का. पेटीचा एक खराब सूर माणसाच्या गळ्यापेक्षा भरवशाचा साक्षीदार असतो. साथ जुळली म्हणजे बैठक जुळली. त्यानंतर आवाज ताडा, तोही याच बैठकीतल्या आवाजाशी. तीस वर्षांनंतरच्या विजेच्या मायक्रोफोनवरच्या आवाजाशी ताडलात तर कर्ण्याची स्वतःची गुंज वजा झालेली नसते आणि वयही बदललेलं असतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

नोंदीतल्या गायकाच्या नावाच्या ओळीत काय लिहायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा. सूचीत नंबर आणि नाव सापडलं, तर नाव सरळ लिहा. नंबर नसून शेजारी, साथ आणि पुकारलेलं नाव ही तिन्ही जुळली, तर 'बहुधा' लावून नाव लिहा आणि कशावरून ते पुढे एका ओळीत. नुसता आवाज जुळला, तर 'अज्ञात स्त्री-स्वर' इतकंच, संशय टिपणात. मॅट्रिक्स नंबर, कॅटलॉग नंबर आणि कोणता वेग धरला ते मात्र प्रत्येक वेळी लिहा. नाव चुकलं तर पुढचा माणूस त्यावरून दुरुस्त करू शकेल.

---

पहिली घंटा

'बाई की भाई' यावर : १३चा गट आणि मराठी पद, दोन्ही बाईच्याच बाजूने. 'आ-आ' आणि पुढे 'बाई' बसणारी नावं त्या वर्षांच्या यादीतून काढलीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहतील.

---

सदाशिवपेठी श्रोता

उणे २.३ टक्क्यांवर बोलणं सगळ्यात नैसर्गिक वाटतंय, उणे १२.९ तर हास्यास्पद. म्हणजे ७६च्या आसपास धरतो. सूचीत ३ आणि ८ दोन्ही नंबर बघून शेजारच्या तीन-तीन बाजू इथे टाकतो. त्यातली एखादी कोणाकडे असेल तर फक्त पेटीचा षड्ज आणि कुठल्या वेगावर मोजला ते कळवा, फाइल नंतर पाठवली तरी चालेल.